छपरावरची हाक

राजवाड्याच्या छपरावर चढलेल्या अधिकाऱ्याने मेलेल्या राजमातेचा अंगरखा उंच धरला, उत्तरेकडे तोंड केलं आणि पहिली हाक मारली.

"परत या, पवित्र सागरकन्या राजमाता, परत या."

थंडी मी म्हणत होती. खाली अंगणात सगळा दरबार गुडघे टेकून बसला होता. शरीर सोडून निघालेला जीव हाक ऐकून कधी कधी मागे फिरतो, म्हणून मेलेल्याला अशा तीन हाका मारायच्या. तिसरीलाही फिरला नाही, की मग रडायला मोकळीक.

मुदपाकखान्याच्या दारात म्हातारी कोप्दान साराला लागणाऱ्या समुद्री शेवाळाची टोपली घेऊन उभी होती. जीव फिरायचा नाही, हे तिला कळत होतं. एवढं लांबलचक नाव त्याच्या ओळखीचंच नव्हतं.

त्या काळी दर खोऱ्यात एक राजा उगवत असे. कोप्दानच्या धाकट्या बहिणीचा मुलगाही असाच तलवारीच्या जोरावर राजा झाला. आता राजाची आई मिठाच्या भट्टीवर राबलेली कशी चालेल? दरबारच्या पंडितांनी तिला समुद्रातल्या ड्रॅगनराजाची मुलगी ठरवून टाकलं. ड्रॅगनराजाच्या मुलीला माणसाच्या पोटची बहीण असणं तर त्याहून अवघड. म्हणून कोप्दानला मुदपाकखान्यात ठेवलं आणि नातं सांगितलंस तर जीभ छाटू, असं बजावलं. राजा लहानपणी तिच्याच कुशीत झोपायचा. आता अंगणातून जाताना तिच्याकडे बघतही नसे. ती खाली वाकून उभी राहायची. मनाला मात्र लागायचंच.

आदल्या दिवशी ती शेवाळाचं सार घेऊन आत गेली, तेव्हा बहिणीने दासींना बाहेर पाठवलं.

"वरून ते कायतरी भलंमोठं ओरडतील, ताई. मला काय कळायचंय त्यातलं? तू मार हाक. तुझी ओळखीन मी."

"जीभ छाटतील गं माझी."

"मग राहू दे," बहीण म्हणाली आणि भिंतीकडे वळली. त्यानंतर ती कोणाशीच बोलली नाही.

छपरावरून दुसरी हाक गेली.

कोप्दानच्या पाठची गोड नावांची भावंडं अंगावर पितानाच गेली होती. म्हणून आईने शेवटच्या मुलीचं नाव ठेवलं केत्तोंग, म्हणजे कुत्र्याची घाण. असल्या नावाला मरण हात लावत नाही म्हणतात. पोरगी जगली. मरण आलं ते सागरकन्या झाल्यावर.

तिसरीही हाक झाली. अंगरखा खाली येऊ लागला. आता कोणीतरी हंबरडा फोडला की सगळं संपलं. कोप्दानच्या हातून टोपली पडली.

"केत्तोंग! ए केत्तोंग! घरी चल गं!"

अंगणातल्या माना वळल्या. मुख्य पंडिताने शिपायाला खूण केली आणि स्वतः तिच्यापुढे येऊन उभा राहिला. कोणाला हाक मारलीस, असं त्याने विचारलं. त्याला ते कळलं होतं, तरीही विचारलं.

"माझ्या कुत्रीला, सरकार. सकाळपासून दिसंना."

बोलून गेल्यावर तिला स्वतःचीच शरम वाटली. जीभ वाचवायला तिने सख्ख्या बहिणीला कुत्री म्हटलं होतं, आणि तेही बहीण ऐकत असताना.

शिपायाने तिचा दंड धरला. तेवढ्यात राजा उठला. अंगण ओलांडून आला, तशी सगळ्यांची कपाळं जमिनीला टेकली. शिपायाने हात सोडला. कोप्दानने डोळे मिटून घेतले.

"आणखी एकदा मार हाक, मावशी," राजा म्हणाला. "अजून फार लांब गेली नसेल ती."