गोणपाट

खिडकीवरचं पत्र्याचं छप्पर खानविलकरांनी स्वतःच्या हातानं ठोकलं होतं. पावसाची झड आत येईना, उन्हाचा तापही कमी झाला. पण महिन्याभरातच वरच्या मजल्यावरून त्यावर काहीबाही पडायला लागलं. कधी कपड्यांचा चिमटा, कधी चमचा. ऐन दुपारी डोळा लागतो न लागतो तोच ठण्णकन आवाज!

ते तणतणत बाहेर यायचे. वर खिडकीच्या गजांआड त्या घरातली नवी सून उभी असायची, एकटक खाली बघत. तिला मागे सारून सासू पुढे यायची.

"माफ करा हं काका, वेंधळी आहे आमची."

"मग जरा वळण लावा तिला," म्हणून ते आत जायचे.

शेवटी वैतागून त्यांनी पत्र्यावर जुन्या गोणपाटाचा दुहेरी थर अंथरला आणि सुतळीनं आवळून बांधला. त्या दिवसापासून दुपारची झोप छान लागू लागली.

आज सकाळी त्या सुनेला चादरीत गुंडाळून खाली आणलं. पोलीस गेल्यावर खानविलकर शिडी लावून छपरापर्यंत चढले. गोणपाटावर चिमटे होते, चमचे होते, काचेच्या हिरव्या बांगड्या होत्या, एकही न फुटलेली. आणि त्यांच्यावर, पायातून काढलेली दोन जोडवी.

त्यांनी सुतळी कापून गोणपाट बाजूला सारलं आणि एक जोडवं हातातून पत्र्यावर सोडलं.

"अहो, काय पडलं?" बायको घरातून लगेच ओरडली.