एका नटावर

नेमगोंडानं चाकाची मधली टोपी उचकटली आणि त्याचा हात जागच्या जागी थांबला. टोपीखाली चार नट असायला हवे होते. एकच होता. बाकीचे तीन बोल्ट उघडे पडले होते, घासून चकाकत होते.

"मास्तर," तो म्हणाला, "गाडी कुठनं आणलीसा?"

"राधानगरीस्नं. पोरीला बाळंतपणाला घिऊन आलोय की." शिवपुत्र मास्तर वाकून बघायला लागले. "शेवटी शेवटी लई थरथराय लागली, म्हणून म्हटलं तुझ्याकडं दाखवूनच घरी जावं. का रं, काय झालंय?"

नेमगोंडानं नुसतं बोट दाखवलं. मास्तरांनी बघितलं, मागं सरकले आणि तिथल्या जुन्या टायरांच्या ढिगावर मटकन बसले.

"एका नटावर? घाट उतरून आलोय मी."

दुकानाच्या सावलीत खुर्चीवर बसलेल्या सुष्मितानं तोंडाला लावलेली पाण्याची बाटली तशीच खाली घेतली. तिला आठवा महिना सरत आला होता. दुसरा हात पोटावर गेला आणि तिथंच राहिला.

टिकलेला तो एक नट म्हणजे लॉक नट. साधे नट कुठल्याही पान्यानं निघतात. हा त्याच्या खास चावीशिवाय हलत नाही. अलॉयची चाकं चोरीला जायला लागली म्हणून मास्तरांनी गेल्या सोमवारी नेमगोंडाकडूनच चारी चाकांना एकेक बसवून घेतला होता.

"चोरच," मास्तर म्हणाले. "तीन काढली, हे निघंना, म्हणून टोपी लावून पळाली. तुझ्या लॉकनं वाचवलं बघ आमाला."

"चावी द्या. चाक उतरवून बघाय पायजे."

मास्तरांनी डॅशबोर्डचा कप्पा उपसला. लॉकचं पाकीट निघालं, पण रिकामं. "चावी बी नेली की भडव्यांनी!"

"असू दे. चावी नसली तरी काढायचं हत्यार हाय माझ्याकडं."

हत्यार आतल्या फळीवर, पत्र्याच्या डब्यात होतं. वर्षातून दोनदाही लागत नसे. डबा ओढताना त्याच्यामागं काहीतरी खडखडलं. नेमगोंडानं हात घातला. चुंबकाची वाटी हाताला लागली. वाटीत तीन चकचकीत नट होते आणि लॉकची चावी.

सोमवारची दुपार डोळ्यांपुढं उभी राहिली. शेवटचं चाक चढवलेलं. लॉक नट हातानंच आवळलेला. बाकीचे तीन हवेवर चालणाऱ्या गननं आवळायचे, तोवर लाईट गेली. त्या वर्षी दिवसातनं सहा-सहा तास लाईट जायची. कॉम्प्रेसर थंड पडला. आली की आवळू, म्हणून वाटी फळीवर ठेवली. मग फोन आला, मग जेवण झालं, मग मास्तर गाडी न्यायला आले, घाईत होते. टोपी त्यानं स्वतःच्या तळहातानं ठोकून बसवली होती.

त्यानं एकदा बाहेर डोकावून बघितलं. मग वाटीतलं सगळं खिशात घातलं आणि डबा घेऊन बाहेर आला.

डब्यातला सॉकेट आतून उलट्या आट्यांचा होता. नेमगोंडानं तो नटावर धरला आणि हातोडीनं ठोकला. पाना लावून उलटा जोर दिला, तसे त्याचे आटे नटाच्या अंगात रुतले. नट हलेना. त्यानं पान्याला लांब पाईप लावला आणि सगळं वजन टाकलं. बंदुकीसारखा आवाज झाला. सुष्मिता दचकली. पाठोपाठ नट फिरला आणि कडा फाटून बाहेर आला.

मास्तरांनी त्याचे काळे हात दोन्ही हातांत धरले. डोळे भरून आले होते. "सुष्मिता, नमस्कार कर ह्यास्नी. आज तीन जीव वाचवल्यात."

ती खुर्चीचा हात धरून उठायला लागली.

"उठू नगा, ताई!" नेमगोंडा ओरडलाच. त्यानं खिशात हात घातला. चावी बॉनेटवर ठेवली. शेजारी तीन नट ठेवले.

"चोर न्हाईत, मास्तर. मीच आवळायचं इसरलो."

मास्तरांनी चावी उचलली. उलटसुलट करून बघितली. मग खाली पडलेला फाटका नट बघितला.

"चावी हुती, मग हे कशाला तोडलंस?"

"तुमाला कळू नये म्हणून."

मास्तरांचा हात वर आला. नेमगोंडा हलला नाही. हात तसाच खाली गेला.

"आवळ," मास्तर एवढंच म्हणाले.

नेमगोंडानं झिजलेले तिन्ही बोल्ट बदलले. फाटक्याच्या जागी साधा नट घातला. मग गन बाजूला ठेवून सोळाच्या सोळा नट हातानं आवळले, चारी चाकांचे, एकेकाला पान्यावर उभं राहून. मास्तर प्रत्येक चाकापाशी त्याच्यामागं येऊन उभे राहत होते. नेमगोंडाच्या शर्टाची पाठ भिजून अंगाला चिकटली होती.

"झालं, मास्तर. आता काय बी हुत न्हाय."

मास्तरांनी मागचं दार उघडलं. "चल, बाळ."

सुष्मिता हळूहळू गाडीपर्यंत आली. तिनं चाकाकडं बघितलं, मग नेमगोंडाकडं. आणि दार लोटून दिलं.

"अप्पा, रिक्षा बघा."

मास्तर जागचे हलायच्या आधी नेमगोंडाच पळत रस्त्यावर गेला आणि येणाऱ्या पहिल्याच रिक्षापुढं हात आडवे करून उभा राहिला.