हिरवा रकाना

रकाना हिरवा झाला आणि त्यात शब्द उमटला, ‘ठीक’.

अपेक्षानं उंची आठ फूट आणि रॅम्पच्या उताराची लांबीही आठच फूट टाकली होती. म्हणजे सरळ उभी भिंत. तिच्यावरून व्हीलचेअर खुशाल चढवा, असं तिची एक्सेलची शीट बेधडक सांगत होती.

“झालं का वं?” नानाजींनी विहाराच्या दारातून, व्हरांड्यात बसलेल्या तिला विचारलं. “कामठीवाले चहा पिऊन राहिले. त्यायले बी असाच रॅम्प बांधाचा आहे. तुही शीट मागून राहिले.”

“देते, नानाजी.”

देण्याआधी गंमत म्हणून काहीतरी वेडेवाकडे आकडे टाकून बघावेत, एवढंच तिच्या मनात होतं. 

तिनं सूत्र उघडलं. उंची भागिले लांबी, त्याचा व्यस्त साइन, आणि कोन पाचपेक्षा कमी आला की ठीक. पण एक्सेल कोन अंशांत देत नाही, रेडियन या दुसऱ्याच मापात देतं. तो अंशांत बदलून घ्यावा लागतो. हे तिला कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून तोंडपाठ होतं, आणि नेमकं तेच राहून गेलं होतं. रेडियनमध्ये हा आकडा दोनपर्यंतसुद्धा पोचत नाही. तिची शीट जन्मात कुणाला नाही म्हणणार नव्हती.

याच शीटवरून बांधलेल्या विहाराच्या रॅम्पसमोर ०.२५ होतं. तेव्हा तिनं आकडा पाहिलाच नव्हता, हिरवा रंग पाहिला होता. आता अंशांत बदलून पाहिलं. साडेचौदा अंश.

गेल्या महिन्यात, रॅम्प सुरू झाला त्या दिवशी वस्तीनं अपेक्षाला शाल दिली होती. पहिला मान चंद्रभानजींच्या खुर्चीला. मागून बायको ढकलत होती, प्रयागबाई. अर्ध्यातून खुर्ची मागं आली, उलटली आणि चंद्रभानजींचा हात मोडला. म्हातारीचा हात सुटला, असं सगळे म्हणाले. अपेक्षाही म्हणाली होती.

ती लॅपटॉप मिटून खाली आली. रॅम्पच्या पायथ्याशी चंद्रभानजी खुर्चीत बसले होते, हात प्लास्टरमध्ये. आता ते वंदना खालूनच म्हणत; शेजारचा पोरगा खुर्ची आणून सोडायचा. प्रयागबाई जरा लांब उभी होती.

“काकू, त्या दिवशी तुमचा हात नव्हता सुटला. रॅम्पच फार उभा झाला. हिशेब माझा चुकला.”

प्रयागबाईनं आपले तळवे उलटसुलट करून पाहिले.

“मले काहून सांगतं? यायले सांग. तवापासून खुर्चीले हात लावू नाही देऊन राहिले.”

चंद्रभानजींना ऐकू कमी यायचं. अपेक्षा वाकून बोलली. ते नुसते बघत राहिले. मग तिला ओरडावंच लागलं.

“काकाजी! चूक माझी होती! काकूंची नाही!”

वर चहाचे कप थांबले. नानाजी दारात आले. अपेक्षाला वर बघायची हिंमत झाली नाही.

चंद्रभानजींनी रॅम्पकडे पाहिलं. मग त्यांनी धड असलेल्या हातानं खुर्चीचा ब्रेक सोडला.

“चाल वं, घरी,” ते बायकोला म्हणाले.

प्रयागबाईनं पदर खोचला आणि खुर्चीच्या मुठी धरल्या. फाटकाशी जरासा उंचवटा होता. अपेक्षानं मदतीला हात पुढं केला.

“राहू दे,” प्रयागबाई तिच्याकडे न बघता म्हणाली. “माहा हात नाही सुटत. तूच सांगतलं ना आता?”