जुवाची दुसरी बाजू

चिखलामुळे मोटार येईना आणि इकडे सुताराच्या बायकोला कळा सुरू झाल्या. गोठा कधीच ओस पडला होता, पण आजोबांची लाकडी बैलगाडी अजून धड होती. सुताराने तीत गादी घातली, बायकोला निजवलं आणि जुवाची एक बाजू आपल्याच खांद्यावर घेतली.

दुसरी बाजू खाली कलायला हवी होती. ती कलली नाही. त्याच्या खांद्याइतकीच उंच राहिली आणि गाडी चालू लागली.

"कुणाला बोलावलंत हो मदतीला?" बायकोने मागून कण्हत विचारलं.

"तू पडून राहा बघू," तो म्हणाला. शेजारी बघायचं मात्र त्याने टाळलं.

चढावर त्याला धाप लागली. शेजारीही कुणीतरी धापा टाकत होतं.

दवाखान्यात मुलगी झाली. मायलेकी सुखरूप आहेत म्हटल्यावर सुताराने कपाळावरचा घाम पुसला. तो बाहेर आला. गाडी सोडून इतका वेळ झाला, तरी जू जमिनीला टेकलं नव्हतं.

त्याने पाण्याने भरलेली बादली आणून दुसऱ्या बाजूला ठेवली.

"फार उपकार झाले," तो हळूच म्हणाला. "दमला असाल. पाणी घ्या."

बादलीतलं पाणी घोटाघोटाने उतरू लागलं.