गेटबाहेर विचारा

"दमलात का?" परदेशी गिऱ्हाइकाकडून आलेल्या तपासनीस बाईंनी अंबुबाईला विचारलं.

"नाही," अंबुबाई म्हणाली. टेबलावरच्या यंत्राचा हिरवा दिवा लागला, म्हणजे उत्तर खरं होतं.

खरंच होतं ते. सोलापुरातल्या या टॉवेल कारखान्यात कामावर येताना प्रत्येकीच्या कानामागे पट्टी चिकटवत. ती असेपर्यंत थकवा, दुखणं काही जाणवायचंच नाही. सुटी झाली की गेटवरच्या यंत्राने पट्टी निघायची आणि दिवसभराचं सगळं एकदम अंगावर यायचं. चालवत नसे, म्हणून घरची माणसं हातगाड्या घेऊन बाहेर थांबायची.

अंबुबाईला सातवा महिना होता. काल गेटबाहेर पडताच पोटात कळा सुरू झाल्या होत्या, आणि सकाळी पट्टी लागताच एकदम थांबल्या होत्या.

"बाई, हेच मला गेटबाहेर विचारा. पाया पडते तुमच्या. आत बाळ हलतंय की नाही, तेसुद्धा कळेना झालंय."

"मला कारखान्यातच विचारायची परवानगी आहे हो," बाई खाली बघत म्हणाल्या. "शेवटचा प्रश्न. काही दुखतंय का?"

अंबुबाईने दोन्ही हातांनी पोट दाबून पाहिलं. मग आणखी जोरात दाबलं.

"नाही," ती हुंदके देत म्हणाली.

हिरवा दिवा लागला.