खरं घड्याळ कोणतं?

गोझो बेटावर मी गाड्या भाड्याने देतो. दुपारी हेडा नावाची पाहुणी गाडी परत करायला आली, ती हसतच.

"चेन्सूकाका, मागे बसवलेला तुमचा म्हातारा भलताच चिकट हो! चर्च दिसलं की एकच प्रश्न, दोन घड्याळांतलं खरं कोणतं?"

मी कुणालाच बसवलं नव्हतं.

सैतानाला प्रार्थनेची वेळ कळू नये, म्हणून आमच्याकडे चर्चवरचं एक घड्याळ मुद्दाम चुकीचं ठेवतात. इथलं शेंबडं पोरही त्या प्रश्नाचं उत्तर देणार नाही.

"तू सांगितलंस?"

"आत्ताच. माझ्या घड्याळाशी ताडून पाहिलं आणि सांगितलं, डावीकडचं."

समोरच्या चर्चमध्ये माझ्या नातीच्या बाप्तिस्म्याची घंटा वाजली.

रिकाम्या गाडीत मागच्या सीटचा पट्टा खट्कन सुटला.