इंजेक्शनची रंगीत तालीम

गंगापूर रोडवरच्या एका शाळेत आज तालीम होती. सहावीतल्या मेहविशला शेंगदाण्याची जबर अ‍ॅलर्जी. चुकून एखादा दाणा पोटात गेलाच तर काही मिनिटांच्या आत इंजेक्शन कसं द्यायचं, ते शिकवायला डॉक्टरीणबाई मुद्दाम आल्या होत्या. मेहविश बाकावर आडवी झाली, तिनं डोळे मिटले. डॉक्टरांनी मोबाइलवर टायमर लावला. "हिचा घसा सुजतोय. इंजेक्शन आणा!"

वर्गशिक्षिका रोहिणी मॅडम ऑफिसात धावल्या. इंजेक्शन कपाटात होतं आणि कपाटाला कुलूप. महागाची वस्तू, मुलांच्या हाती लागायला नको, म्हणून मुख्याध्यापकांनीच ते लावायला सांगितलेलं. किल्ली क्लार्क नवनाथभाऊंच्या खिशात, आणि नवनाथभाऊ डॉक्टरांच्या सत्कारासाठी शाल-नारळ आणायला गेलेले. मॅडमनी फोन लावला, तर तो समोरच्या टेबलावरच वाजला.

अखेर भाऊ आले, कपाट उघडलं. मॅडम धापा टाकत वर्गात पोचल्या, तर मुख्याध्यापकांनी दारातच हात आडवा केला.

"जरा थांबा मॅडम. नारळ आलाच आहे, तर आधी सत्कार उरकून घेऊ."

"अहो, पण..." डॉक्टर म्हणेपर्यंत शाल त्यांच्या खांद्यावर पडलीसुद्धा. फोटो झाले, टाळ्या झाल्या. मग मॅडम इंजेक्शन घेऊन बाकापाशी वाकल्या. मेहविशनं एक डोळा किलकिला केला.

"मॅडम, उठू का आता?" ती हळूच म्हणाली. "मला मरून बराच वेळ झाला."